दहीभातावर वाढलेली घार

घारीच्या पिल्लाशी बोलू नये, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. त्याआधी मी सगळ्यांशीच बोलत आले. तुळशीशी बोलते, कुकरशी बोलते, ऑटोवाल्याशी तर उतरल्यावरही दांडीला धरून बोलत उभी राहते. आमचे हे म्हणतात, "हिला फोन कशाला हवा, खिडकी पुरते." अशा बाईला माझ्या नातीच्या वयाच्या एका डॉक्टरणीनं सांगितलं, अम्मा, तुमचा आवाज त्याच्या कानावर पडता कामा नये. ते कसं झालं, ते सांगते.

आम्ही राहतो बेंगळूरच्या जे. पी. नगरात. आमची मंडळी या मुलखात कधी आली ते आता कुणाला नीट सांगता येत नाही. पुढं तंजावरकडं निघालेल्यांतली, दमून इथंच बसलेली, असं माझे सासरे म्हणायचे. घरात माणसं तीन. मी, आमचे हे, आणि ह्यांची थोरली बहीण. तिला सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही अक्काच म्हणते. मुलगा सर्जापूर रोडला राहतो. तिथून इथं यायला त्याला इतका वेळ लागतो की आम्ही त्याला पाहुणाच धरतो.

अक्का ऐंशीच्या पुढची. स्वयंपाकघर तिचं, एकादशा तिच्या, सोवळं-ओवळं तिचं. आमच्या उंबऱ्यातून आजवर अंडं आत आलेलं नाही. एकदा मुलानं बिस्किटाचा पुडा आणला, तर त्याच्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचून तिनं तो परत पाठवला होता. अंडं असल्याची खात्री नव्हती, पण नसल्याचीही नव्हती, असं तिचं म्हणणं.

समोरच्या साइटवर, म्हणजे प्लॉटवर, एक जुनं बैठं घर होतं आणि त्याच्या कोपऱ्यात सिल्वर ओकचं झाड. त्या झाडाच्या शेंड्याकडं घारींचं घरटं होतं. दर थंडीत ती जोडी काटक्या आणायला लागायची. काटक्यांबरोबर बाकीचंही आणायची. मी गच्चीवर संडगे घालत असले की दोघी वर गोल फिरत, ती त्यांची थरथरती शीळ घालत. मी खालून म्हणायची, "पोहे आहेत गं बायांनो, तुमच्या कामाचं काही नाही." नर कुठला, मादी कुठली, मला कधी कळलं नाही. माझ्या लेखी दोघी बायाच.

मागच्या वर्षी ते घर विकलं गेलं. होळी होऊन आठवडा झाला असेल, बिल्डरची माणसं करवत घेऊन आली आणि दुपारच्या जेवणाआधी झाड आडवं झालं. मी धावत गेले. घरटं फुटून रस्त्यावर पसरलेलं. त्यात काय नव्हतं. वायरींचे तुकडे, निळं प्लास्टिक, माझ्या लादी पुसायच्या मोपचे धागे, आणि ह्यांचा पंचा. तो पंचा हरवला म्हणून त्याआधीच्या दिवाळीत ह्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. त्या पंचावर एक पिल्लू मान टाकून मेलेलं आणि दुसरं जिवंत. पांढुरकी-तपकिरी लव, मधूनमधून पिसांचे कोंब फुटलेले, आणि डोळे असे की आपलीच चूक झाली असं वाटावं.

पंचासकट उचलून मी ते घरी आणलं. हे दारात उभे होते. म्हणाले, "पंचा सापडला वाटतं."

अक्का आतून आली. वाकून तिनं पिल्लाकडं बरंच पाहिलं, मग दोन्ही हात जोडले. "गरुड आहे," म्हणाली.

इथं सांगायला हवं की बेंगळूरात पांढऱ्या डोक्याची, विटकरी पंखांची एक वेगळी घार दिसते. तिला सगळे गरुड म्हणतात. ती दिसली की रस्त्यात उभे राहून लोक गालांना हात लावतात. विष्णूचं वाहन. अक्का तर ती दिसल्याशिवाय शनिवारी फराळ करत नसे.

"अक्का, ही आपली साधी घार असेल," मी म्हटलं. "झाडावर घारीच होत्या."

"लहानपणी गरुड असाच तपकिरी असतो. डोकं मागून पांढरं होतं. तुला काय ठाऊक?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. शिवाय गरुड ठरला तर तो घरात राहणार होता, आणि घार ठरली तर मांस मागणार होती. मला तो घरात राहायला हवा होता. म्हणून मी गप्प बसले. आयुष्यात मी जिथं गप्प बसले त्या बहुतेक जागा चुकीच्याच होत्या.

अक्कानं सांगितलं, विष्णूचं वाहन आहे, नैवेद्याचा भात खाईल. आणि त्यानं खाल्ला की हो. स्टीलच्या वाटीत मऊ दहीभात कालवला, चमच्यानं वाटीवर टक टक टक केलं, आणि म्हटलं, "ये बाळ, घास घे." भुकेलेल्या लेकरानं चोच उघडली. मी बोटानं घास आत सारला. अक्का माझ्याकडं अशी बघत होती की जणू आता त्याच्या पाठीवर शंख-चक्रच उमटणार.

पहिले दोन दिवस त्याचे आईबाप आमच्या गच्चीवर घिरट्या घालत होते. एकसारखी शीळ. पिल्लू खिडकीपाशी टोपलीत होतं, ते आवाज ऐकून बावरल्यासारखं करायचं. मला वाटलं, घाबरतंय. मी खिडकी लावून घेतली, पडदा ओढला. तिसऱ्या दिवशी वरचे आवाज थांबले. मी ह्यांना म्हटलं, "बरं झालं, शांत झोपेल आता." हे वाक्य मला अजून मधूनच आठवतं. आठवलं की हातातलं काम खाली ठेवते.

मग तीन आठवडे आमच्या घरी बाळंतपण असल्यासारखं होतं. सकाळी दहीभात, दुपारी वरणाचं घट्ट पाणी, चार वाजता पनीर कुस्करून. आणि सारखं बोलणं. मी भाजी निवडायला त्याच्यापाशी बसायची आणि त्याला सगळं सांगायची. मुलाचा फोन आला नाही, गॅस उशिरा आला, अक्काचा गुडघा. ते मान तिरकी करून ऐकायचं. माझ्याकडं असं लक्ष देऊन कुणी बघून किती वर्षं झाली होती. वाटीचा टक टक आवाज झाला की दोन्ही पंख पसरून थरथरवायचं आणि माझा आवाज येईल तिकडं तोंड करून ओरडायचं. हे म्हणाले, "पन्नास वर्षांत मी कधी तुझ्या आवाजाला इतका आनंदलो नाही, म्हणून आज सूड घेतलास."

त्यात एकादशी आली. अक्का म्हणाली, आज भात नाही. तर त्या दिवशी बाळाला नुसतं दूध आणि केळं. युगादीला, म्हणजे पाडव्याला, आपल्या इथं कडुनिंब-गूळ देतात, तर गुळाचा खडा त्यालाही. रामनवमीला पानकाचे, गुळाच्या पाण्याचे, चार थेंब. मग दुसरी एकादशी. हे ऐकून आता तुम्ही हसाल. मीही हसते, पण हसून झाल्यावर बरं वाटत नाही.

कारण बाळ उभं राहत नव्हतं. पिसं आली होती, अंगानं मोठं झालं होतं, पण पाय फाकवून पोटावर बसायचं. उठायला गेलं की घसरायचं. दुसऱ्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशी बघितलं तर डावा पंख खाली लोंबत होता.

हे माझ्यामागं येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "अगं, त्याची शेपटी बघ."

"शेपटीला काय झालं?"

"मध्ये खाच आहे. गरुडाची शेपटी गोल असते. ही घार आहे. मला आठ दिवस झाले कळून."

"आठ दिवस? आणि बोलला नाहीत?"

"अक्काला कोण सांगणार? तू सांगितलं असतंस?"

मी पंचात गुंडाळून बाळाला उचललं आणि चपला घातल्या. आमच्या गल्लीच्या टोकाला चिकनचं दुकान आहे. वीस वर्षं मी तिथून नाकाला पदर लावून गेले आहे. त्या दुकानावर रोज चार वाजता घारी जमतात, तेवढं मला माहीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी पायरीवर चढले. दुकानातल्या अण्णानं हातातला सुरा खाली ठेवला. त्याला वाटलं असणार, ही बाई भांडायला आली.

"अण्णा, हे बघा स्वल्प, जरा बघा," मी म्हटलं. "उभं राहत नाही."

त्यानं हात पुसून पंचा उघडला. पाय चाचपले. "काय घालता अम्मा याला?"

"दहीभात."

त्यानं पंचा पुन्हा नीट गुंडाळला. मग म्हणाला, "लोणचं?"

"नाही हो."

"मग बरंय," तो म्हणाला. पण चेहरा हसरा नव्हता. "अम्मा, घारीला हाड लागतं. उंदीर आख्खा गिळते ती, हाडासकट. तेव्हा तिचं हाड होतं. भातात हाड कुठलं?" मग त्यानंच सांगितलं की शहराबाहेर जखमी पक्षी-प्राण्यांचा दवाखाना आहे. मांजात पंख अडकलेली एक घार तो तिथं घेऊन गेला होता. त्यानंच फोन लावून दिला. पलीकडून बाईचा आवाज आला, आता काहीही भरवू नका, खोक्याला भोकं पाडा, अंधारात ठेवा, लगेच या.

अक्काला आम्ही सांगितलं, डॉक्टरकडं नेतोय. तिनं बाळाच्या कपाळाला अंगारा लावला.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण, केस आखूड कापलेले, हातावर ओरखडेच ओरखडे. ती कन्नडमध्ये विचारत गेली, मी सांगत गेले. किती दिवस, कुठं मिळालं, काय खाल्लं. ती लिहून घेत होती. "आणि एकादशीला फक्त दूध-केळं," असं मी म्हटल्यावर तिचं पेन थांबलं.

"एकादशीला," ती म्हणाली.

"दोन झाल्या," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

हे खिडकीबाहेर बघायला लागले.

तिनं एक्स-रे काढला आणि आम्हाला उजेडावर धरून दाखवला. हाडं कुठं आहेत ते शोधावं लागत होतं, पाण्यात भिजलेल्या कागदावरच्या रेघांसारखी. पंखाच्या हाडाला चीर गेलेली. "लहान आहे, भरून येईल," ती म्हणाली. "बरोबर खाणं, ऊन, औषध. हाडाची मला एवढी काळजी नाही."

तेवढ्यात मी म्हटलं, "म्हणजे बरं होईल ना हो बाळ?" आणि खोक्यातून तो आवाज आला. माझा आवाज ऐकून त्यानं लोंबत्या पंखासकट पंख थरथरवले, तोंड उघडलं. एवढ्या दुखण्यात.

डॉक्टर म्हणाली, "याची काळजी आहे."

मग ती आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथं एका पिंजऱ्यात एकटी घार होती, पूर्ण वाढलेली, सुंदर. आम्हाला बघितल्याबरोबर ती जाळीला येऊन चिकटली आणि मान खाली घातली. खाजवून घ्यायला. मला इतकं गोड वाटलं, मी बोट पुढं केलं.

"हिला कुणीतरी बाल्कनीत पाव-दूध घालून वाढवलं," डॉक्टर म्हणाली. "सोडली होती आम्ही. तिसऱ्या दिवशी एका शाळेच्या मैदानात मुलांच्या डब्यांवर उतरली. प्रेमानंच उतरली असणार. कुणीतरी बॅट मारली. आता ही मरेपर्यंत इथंच. घार माणसाला भ्यायली नाही तर जगत नाही, अम्मा."

मी बोट मागं घेतलं.

"आमचं बाळ पण?"

"सांगता येत नाही. एक गोष्ट चांगली आहे. तुमच्याकडं यायच्या आधी त्यानं आईबाप बघितलेत. त्याला इतर घारींत ठेवते. आमची माणसं पडद्याआडून खाणं टाकतात, तोंड दाखवत नाहीत, बोलत नाहीत. बघू विसरतंय का." मग ती माझ्याकडं वळली. "पुढच्या वेळी पिल्लू पडलं तर पहिल्याच दिवशी फोन करा. जंगली पक्षी घरात ठेवणं कायद्यातही बसत नाही. आणि पुष्कळदा आणावंही लागत नाही. टोपलीत घालून गच्चीवर ठेवलं असतंत तर आईबाप येऊन भरवत राहिले असते."

मला तो ओढलेला पडदा दिसला. हे माझ्याकडं बघत होते, पण ह्यांनी तो विषय तेव्हाही काढला नाही, आजवर काढलेला नाही. या माणसाची माझ्यावर माया आहे असं मी म्हणते ते त्यामुळं.

"मी काय करू आता?" मी डॉक्टरला विचारलं.

"काही करू नका."

"भेटायला येऊ? लांबून?"

"नको. तुमचा आवाज त्याच्या कानावर पडता कामा नये."

घरी आल्यावर अक्कानं विचारलं, काय झालं. मी सगळं सांगून टाकलं. गरुड नाही, घार आहे. दहीभातानं हाडं गेली. आता तिथं मांस घालतायत. मला वाटलं, ती देवघरात जाऊन बसेल आणि दोन दिवस बोलणार नाही. ती नुसती पाटावर बसून राहिली. मग म्हणाली, "मी त्याला उपाशी ठेवलं, एकादशीला." एवढंच. त्या दिवशी तिनं स्वतःच्या ताटात दही घेतलं नाही.

काही न करणं मला येत नाही. मग मी एक केलं, चार वाजता चिकनच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसायला लागले. अण्णा टाकाऊ तुकडे घेऊन मागच्या मोकळ्या जागेत यायचा, हवेत उडवायचा, आणि घारी वरच्या वर झेलायच्या. एकही जमिनीला टेकायची नाही. एखादी फार खाली आली की तो जोरात टाळी वाजवायचा, अंगावर धावून गेल्यासारखं करायचा.

"एवढं घालता आणि हाकलता का हो?" मी विचारलं.

"मी टाकतो अम्मा, बोलावत नाही," तो म्हणाला. "हातावर यायला लागली की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाच्या पिशवीवर येते. मग काठी. टाकतो हेच चूक, असं तुमची डॉक्टर म्हणते. हळूहळू कमी करतोय." मग मिशीत हसला. "आमच्या दुकानी तुमचं रोजचं येणं झालं, गल्लीत काय म्हणत असतील?"

"म्हणतील म्हातारी बिघडली. सरी, म्हणू दे." सरी म्हणजे इथलं कन्नड 'बरं'.

आंबे संपत आले तेव्हा डॉक्टरचा फोन आला. बाळ उडायला लागलं होतं, पण तिला खात्री करायची होती. ती म्हणाली, बाहेर त्याला पुष्कळ माणसं हाका मारतील, खाणं दाखवतील. तुम्ही बोलावून आलं नाही, तर कुणाच्याच हाकेला येणार नाही. तीच वाटी घेऊन या, तोच चमचा.

आमच्या हॉलच्या तिप्पट मोठी जाळीची खोली. आत सात-आठ घारी, आडव्या दोऱ्या, झाडाच्या फांद्या. मी बाहेरच्या पडद्यापाशी उभी राहिले, वाटीवर टक टक टक केलं, म्हटलं, "ये बाळ, घास घे."

सगळ्या घारी लांबच्या भिंतीकडं उडाल्या. एक सोडून. ती एक सरळ माझ्यासमोर जाळीवर येऊन आदळली, पंख पसरले, थरथरवले आणि तोंड उघडलं.

किती देखणं झालं होतं. काळेभोर डोळे, पिसांवर तांबूस झाक. माझा हात आपोआप वर गेला. डॉक्टरनं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं. मी तोंडातून शब्द काढला नाही. परतीच्या वाटेवर ऑटोवाल्याशीही बोलले नाही. ह्यांनी दोनदा वळून पाहिलं, मी जिवंत आहे ना ते.

डॉक्टरनं सांगितलं होतं, आणखी एकदा बघू, दसऱ्याच्या आधी. त्यातही असंच आलं तर मग ते त्या एकट्या घारीच्या शेजारच्या पिंजऱ्यात जाईल.

तो मधला काळ कसा गेला ते सांगायचं तर गौरी-गणपती कधी आले आणि गेले, मला आठवत नाही. गच्चीवर जाऊन मी गप्प बसायची सवय करत होते, कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं. माझ्या गप्प बसण्यानं तिथं त्याला काय कळणार होतं? पण वर घारी फिरत असल्या की माझे ओठ आपोआप मिटायचे. अक्का एकदा म्हणाली, "घरात जरा जास्तच शांत वाटतंय. बोल की काहीतरी." हे ऐकायला माझी सासू हवी होती.

दुसऱ्यांदा निघालो तेव्हा अक्का दाराशी आली. वाटी तिनं स्वतः राखेनं घासून लख्ख केली होती. ती माझ्या हातात देत म्हणाली, "येऊ देऊ नकोस हं त्याला."

"ते माझ्या हातात आहे का अक्का?"

"मग कुणाच्या?"

ऑटोत हे म्हणाले, "अगं, एक सुचवू? हळू आवाजात बोलव. किंवा जरा वेगळ्या आवाजात. त्याला ओळख पटणार नाही, डॉक्टर पास करेल, सुटेल बिचारं."

मी विचार केला. खरं सांगते, पूर्ण रस्ताभर केला. गेटपाशी उतरताना म्हटलं, "आणि मग बाहेर कुणी खऱ्या आवाजात बोलावलं तर?"

ह्यांनी माझी पिशवी हातात घेतली.

या वेळी बाळ मला लगेच सापडलं नाही. सगळ्या सारख्याच दिसत होत्या. डॉक्टरनं बोटानं दाखवलं, वरच्या दोरीवर, उजवीकडून तिसरं. पायाखाली काहीतरी धरून फाडत होतं. मी वाटी वर धरली. टक टक टक. आणि पोटातून, जशी रोज स्वयंपाकघरातून मारायची तशी हाक मारली, "ये बाळ, घास घे."

बाकीच्या उडाल्या. ते तिथंच राहिलं. फाडणं थांबवलं आणि मान तिरकी केली, हुबेहूब तशीच, मी गॅस उशिरा आल्याचं सांगत असताना करायचं तशी. एक पाय उचलला. माझ्या आत कुणीतरी म्हणत होतं, नको रे राजा, नको येऊ. आणि तोंडानं मला पुन्हा बोलवायचं होतं, कारण डॉक्टरनं बोटानं खूण केली, आणखी एकदा.

"ये बाळ." माझा आवाज फुटला, मी घसा खाकरला आणि पुन्हा नीट म्हटलं, "ये बाळ, घास घे."

त्यानं अंग झटकलं, सगळी पिसं फुलवून खाली बसवली. मग पायातलं खाणं तसंच धरून उडालं, आणि लांबच्या भिंतीशी बाकीच्या घारींत जाऊन बसलं. माझ्याकडं पाठ करून.

डॉक्टर हळूच म्हणाली, "सरी."

मी वाटी पदरात गुंडाळली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. आनंदच झाला होता. फक्त तो आनंद गिळायला थोडा वेळ लागला. ह्यांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि इकडंतिकडंचं काहीतरी बोलायला लागले, दवाखान्यातल्या झाडांबद्दल. ह्यांना झाडांतलं काही कळत नाही.

दोन दिवसांनी सकाळी त्या खोलीचं छप्पर उघडलं. आम्ही लांब, गेटपाशी होतो, तशी अटच होती. घारी एकेक करून बाहेर पडल्या, आधी फांद्यांवर बसल्या, मग ऊन चढलं तशा वर गेल्या. आमचं कुठलं ते मला ओळखता आलं नाही. डॉक्टरनं विचारलं, "सांगू कुठलं ते?" मी म्हटलं, "नको. मग मी त्याला काहीतरी म्हणेन."

आता समोर चार मजली इमारत उभी राहिली आहे. घारींनी या थंडीत मोबाइलच्या टॉवरवर काटक्या न्यायला सुरुवात केली आहे. काटक्यांत काय काय जातंय ते मी बघते, ह्यांचे पंचे आत वाळत घालते. संडगे अजून गच्चीवरच घालते, पण तोंड मिटून. चिकनच्या दुकानावरून जाताना अण्णा वर बोट करून विचारतो, "अम्मा, यातलं तुमचं कुठलं?" मी म्हणते, "एकही नाही." तो म्हणतो, "मग बरंय."

परवा एकादशी होती. अक्का गच्चीत खुर्ची टाकून उन्हाला बसली होती. वर दोन घारी फिरत होत्या, बऱ्याच उंचावर. तिनं कपाळाला हात लावून त्यांच्याकडं बघितलं आणि ह्यांना विचारलं, "आज त्यानं काय खाल्लं असेल रे?"

हे पेपर वाचत होते. म्हणाले, "उंदीर खाल्ला असेल अक्का. नाहीतर पाल."

"एकादशीला?"

"एकादशीला."

अक्कानं पुन्हा वर पाहिलं. मी जवळच संडगे उलटत होते, माझे ओठ मिटलेले.

"सरी," ती म्हणाली. "हाडासकट खाऊ दे."